हात कोणी घातला?

घरातला मासा मेला की लोक टाकीवाल्याला फोन करतात. टाकीवाला येतो, वाकून काचेतून बघतो, एक बोट पाण्यात बुडवून नाकाशी नेतो आणि घरातल्या सगळ्यांवरून नजर फिरवत विचारतो, "हात कोणी घातला?"

हा प्रश्न मी पंचवीसेक वर्षं विचारत आलोय. डोंबिवली पूर्वेला माझं रंगीत माशांचं दुकान आहे. ठाण्यापासून कल्याणपर्यंत घरांत, दवाखान्यांत, हॉटेलांत टाक्या लावून देणं आणि दर आठवड्याला जाऊन त्या साफ करणं हा धंदा. इतक्या वर्षांत या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही असं एकदाही झालेलं नाही. घरात मूल असेल तर मुलाने घातलेला असतो, मूल नसेल तर कामवाल्या बाईंनी, त्याही नसतील तर सासूबाईंनी. पाणी दिसलं की माणूस हात घालतोच. त्या हाताला साबण असतो, तेल असतं, हळद असते. टाकीवाला मान हलवतो, घरातले त्या हातवाल्यावर तुटून पडतात आणि विषय मिटतो. गेल्या खेपेला टाकीवाल्याने स्वतः काय केलेलं, हे कोणी विचारत नाही.

मी दरवर्षी या दिवाळी अंकात अर्धं पान माशांच्या निगेबद्दल लिहितो. खाणं किती घालावं, पाणी कधी बदलावं, असलं. यंदा पानं जास्त मागून घेतली, तेव्हा संपादकांना आश्चर्य वाटलं, कारण मी बोलणारा माणूस नाही. बायको म्हणते, "तुमच्यापेक्षा ते मासे बरे, निदान तोंड तरी हलवतात." हे लिहायला मला एका बाईंनी भाग पाडलंय. त्या शेवटी येतील.

आधी गिऱ्हाइकांबद्दल. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे असं खोटं लिहिणार नाही. माशांची आवड म्हणून टाकी घेणारा माणूस मला वर्षातून एखादा भेटतो. बाकीच्यांना सोफ्याला शोभेल असं काहीतरी हवं असतं आणि ते जिवंत आहे ही त्यातली अडचण असते.

ठाण्यात एका उंच इमारतीत एक बाई राहायच्या. वास्तुवाल्याने त्यांना सांगितलेलं, ईशान्येला टाकी ठेवा, आठ सोनेरी मासे आणि एक काळा. त्यांच्या ईशान्येला स्वयंपाकघर होतं. तर टाकी गॅसच्या शेगडीला लागून. फोडणीच्या तेलाचा तवंग पाण्यावर इतका जाड, की मासे वर येऊन तोंड उघडायचे आणि तसेच राहायचे. महिन्याला एक जायचाच. काळा गेला की बाईंचा फोन यायचा, आवाजात चक्क आनंद. "काळा गेला हो! केवढं मोठं संकट टळलं असेल आमच्यावरचं!" घरावर येणारं संकट मासा स्वतःवर घेतो, अशी त्यांची श्रद्धा. माझ्या धंद्याला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. मी म्हणायचो, "टळलंच म्हणायचं, ताई." आणि दुसरा काळा घेऊन जायचो.

टेंभी नाक्याजवळच्या एका कुटुंबाने नवरात्रात पाहुणे येणार म्हणून टाकी लावून घेतली. मी खडी पसरून ठेवली आणि पाणी उद्या भरू म्हणून आलो. मागे घरच्यांनी सगळी खडी बाहेर काढली, कपडे धुवायच्या पावडरीने चोळून चोळून धुतली आणि परत घातली. म्हणे चकचकीत दिसायला नको का? पहिल्या माळेच्या दिवशी पंप चालू केला आणि टाकीतून फेस बाहेर आला तो टीपॉयवरून खाली गालिच्यावर. देवीला आलेल्या बायका पदर सावरत मागे सरकल्या. यजमान माझ्यावर ओरडले, "कसला माल देता हो?" मी विचारलं, "हात कोणी घातला?" सगळ्यांनी एका सुनेकडे बघितलं.

ती खडी काय कामाची, हे त्या घराला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. तेव्हा नाही सांगितलं, इथे सांगतो.

अंडरग्रॅव्हल फिल्टर म्हणजे टाकीच्या तळाशी बसवायची प्लास्टिकची भोकाभोकांची प्लेट. ती काचेपासून बोटभर उंच राहते. तिच्या कोपऱ्यांत दोन उभ्या नळ्या, आणि प्लेटवर तीन-चार बोटं जाड खडीचा थर. गोड्या पाण्याला नदीची खडी, समुद्राच्या टाकीला प्रवाळाचा चुरा. नळीत खालून हवा सोडली की बुडबुडे वर जाताना पाणी ओढून नेतात आणि ती जागा भरायला वरचं पाणी खडीतून खाली झिरपतं. दिवसरात्र हे चक्र चालू. लोकांना वाटतं खडी कचरा गाळते. खरं काम करतात खड्यांवर राहणारे जिवाणू. माशांच्या घाणीचं पाण्यात विष होतं, ते विष हे जिवाणू खातात. टाकीला पोट असतं म्हटलं तर ते खडीत असतं.

या जिवाणूंना वस्ती करायला महिना-दीड महिना लागतो. तोवर टाकी जवळजवळ रिकामी ठेवायची. खाऱ्या पाण्याची, प्रवाळाची टाकी तर ठेवायलाच हवी. आणि हे सांगितलं की गिऱ्हाईक माझ्याकडे लबाड असल्यासारखं बघतं. "पाणी भरलंय, लाइट लागलाय, मग मासे का नाही?"

यावर आमच्या धंद्यात एक तोड आहे. दुधाला विरजण लावतात तसं. एखाद्या जुन्या, चालू टाकीतली मळकी खडी उचलायची आणि नव्या खडीत मिसळायची. जुन्या खडीवरचे जिवाणू नव्या खडीवर पसरतात आणि सहा आठवड्यांचं काम दोनेक आठवड्यांत होतं. आम्ही त्याला विरजणच म्हणतो. गिऱ्हाइकाला दाखवत नाही, कारण ते दिसायला घाणेरडं असतं. पण विरजण चांगलं असेल तर टाकी लागते, नासकं असेल तर टाकी नासते. घरात दही लावणाऱ्या कोणालाही हे वेगळं सांगायला नको.

हल्लीची मुलं या फिल्टरला हसतात. मोबाइलवर तीन व्हिडिओ बघून दुकानात येतात आणि मला शिकवतात, "काका, रीफ टँकला अंडरग्रॅव्हल? म्युझियममध्ये ठेवा आता ते." त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. प्लेटखाली मळ साचतो, प्रवाळांना तो सोसत नाही, वीज गेली की अख्खी खडी गुदमरते. खडीत नळी खुपसून दर आठवड्याला मळ ओढून काढला तर चालतो, पण तेवढं करणारे कमी. मी तो वापरत राहिलो कारण मला तोच हाताखालचा होता. आणि पुढे ज्या टाकीबद्दल सांगणार आहे ती फिल्टरमुळे मेली नाही. फिल्टर उत्तम लावलेला.

आता तांबं. खाऱ्या पाण्यातल्या माशांना अंगावर पांढरे ठिपके येण्याचा रोग होतो. त्यावर औषध तांब्याचं, निळं, थेंबाथेंबाने घालायचं. मासे वाचतात. पण प्रवाळ, कोळंबी, गोगलगाय, समुद्रफूल यांना तेच तांबं विष. आणि प्रवाळाचा चुरा हे तांबं पिऊन ठेवतो, मग कितीही धुवा, आठवडेच्या आठवडे थोडं थोडं पाण्यात सोडत राहतो. म्हणून ज्या टाकीत एकदा तांबं पडलं तिची खडी प्रवाळांच्या टाकीत कधीही जायची नाही. शाकाहारी घरात मटणाचं पातेलं चुलीवर चढत नाही, तितका पक्का नियम. नवशिक्यालाही ठाऊक असतो.

दिवा गावाच्या खाडीकडच्या अंगाला एका शेठनी बंगला बांधला. त्यांना सुभाषशेठ म्हणू. मूळचे तिथलेच आगरी. बापाने मिठागरात आणि शेतात आयुष्य काढलं, मुलाच्या हातात जमिनी आल्या आणि जमिनींवर इमारती उभ्या राहिल्या. भोवतालच्या चाळींतल्या बायका टँकरमागे हंडे घेऊन उभ्या, आणि शेठना दिवाणखान्यात पाचशे लिटर समुद्र हवा होता. त्यांच्या नातीने कार्टूनमधला केशरी-पांढरा मासा बघितलेला. तो मासा, तो ज्याच्यात लोळतो ते समुद्रफूल, रंगीत प्रवाळ, सगळं वास्तुशांतीच्या दिवशी दिसलं पाहिजे. वास्तुशांत पंधरा दिवसांवर.

मी म्हटलं, "शेठ, दोन महिने लागतील."

"बंगला दीड वर्षात उभा केला आपण," शेठ म्हणाले. "तुमचे मासे काय बंगल्यापेक्षा मोठे आहेत का?"

मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं, "बघतो."

विरजण लागणार होतं, आणि तेही भरपूर. खाऱ्या पाण्याची चांगली जुनी टाकी माझ्या माहितीत एकच होती, कल्याणपलीकडे मोहन्याला. तिथल्या बंद पडलेल्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांची. वर्षातून एखादा भेटतो म्हटलं, त्यातले ते. त्यांनी आनंदाने खडी दिली असती. पण जाऊन यायला अर्धा दिवस, बोलणं, चहा, त्यांच्या टाकीचं कौतुक. मला तो अर्धा दिवस जड झाला. दुकानात चार नंबरची खाऱ्या पाण्याची टाकी होती. तिची खडी जुनी, मुरलेली. त्याच महिन्यात तिच्यात ठिपक्यांसाठी तांबं घातलेलं.

मी ती खडी दोन बादल्या काढली. मिठाच्या पाण्यात सात-आठ वेळा धुतली. तांब्याची चाचणी करायचं किट समोर फळीवर होतं. पाच थेंबांचं काम. मी ते उघडलं नाही. शंका असती तर उघडलं असतं.

वास्तुशांतीला टाकी झगमगली. लोक जेवणाच्या ताटांसकट टाकीसमोर उभे. माशांना ढोकळा घालायला निघालेल्या दोघांचे हात मी धरले. शेठ प्रत्येकाला सांगत होते, "ओरिजिनल समुद्र आहे." त्या गर्दीत टाकीकडे नीट बघणारा एकच माणूस होता, शेठचे वडील. सगळे त्यांना जोमाबाबा म्हणायचे. ऐंशीच्या घरातले, पाय वाकलेले, डाव्या मनगटात सांधेदुखीसाठी घातलेलं तांब्याचं कडं.

ते माझ्याजवळ आले आणि विचारलं, "मीठ कुठला घातलास?"

"पाकिटातलं, बाबा. तयार मिळतं."

ते बराच वेळ हसले. "आमी खारीचा पानी उन्हात ठेवून मीठ काढायचो. तू मीठ घालून खारी करतंस. उलटा धंदा हाय तुझा." खाडीला ते खारी म्हणायचे. ड आला की त्यांच्या तोंडी र व्हायचा.

मी दर सोमवारी टाकीच्या निगेला जायचो. बाबांची खुर्ची टाकीसमोर आली होती. बंगल्यात त्यांना करण्यासारखं काही नव्हतं, बोलायला माणूस नव्हतं. सून वनितावहिनी तेवढी विचारपूस करायची. एका सोमवारी त्यांनी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि म्हणाले, "जास्ती झायलंय." मी खारेपणा मोजायची काचेची कांडी बुडवली. दोन रेघा वर. पुढच्या सोमवारी मी आधी त्यांना विचारलं, मग कांडी घातली. बाबा बरोबर. त्यानंतर कांडी मी नुसती दाखवायला घालायचो.

पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहतं, म्हणून अशा टाकीत रोज थोडं गोडं पाणी घालावं लागतं. ते काम मी बाबांना दिलं. "रोज सकाळी दोन मगे. धार प्रवाळावर पडू द्यायची नाही. तळहात पाण्यात आडवा धरा आणि त्याच्यावर ओता."

त्यांनी डावा हात पुढे केला. "करं कारू काय?"

कडं काढू का, असं ते विचारत होते. ते सांध्यावर घट्ट बसलेलं, काढायला साबण लावावा लागला असता. खरं तर पाण्यात कडं घालूच नये. पण मिनिटभर हात बुडवल्याने पाचशे लिटर पाण्याला काही होत नाही.

"असू द्या, बाबा," मी म्हटलं. "काही होत नाही."

तिसऱ्या आठवड्यात दोन गोगलगायी तळाला उताण्या पडलेल्या दिसल्या. मी त्या रुमालात गुंडाळून खिशात टाकल्या. बाबांनी विचारलं, "काय झायलं?" मी म्हटलं, "म्हाताऱ्या होत्या." त्याच वेळी खडी उपसली असती तर अर्धी टाकी वाचली असती. पण खडी उपसायची तर का उपसतोय ते सांगावं लागलं असतं.

पुढच्या गुरुवारी शेठचा फोन आला. मी पोचलो तर दिवाणखान्यात वास. कोळंबी गेलेली, प्रवाळ मिटून काळे पडलेले, समुद्रफूल विरघळून त्याची साय पाण्यात तरंगत होती, आणि केशरी मासे त्या दुधाळ पाण्यात एका कुशीवर. दुपारी शेठकडे कोणी मोठे साहेब जेवायला येणार होते. घरातली आठ-दहा माणसं, दोन शेजारी, सगळे टाकीभोवती. बाबा मगा हातात धरून खुर्चीमागे उभे.

"सायबांना काय दाखवू? ही गटार?" शेठ ओरडले. "काय झालं ते सांगा मला."

मी चाचणी घेतली. करावीच लागली, सगळे बघत होते. किटच्या नळीतल्या पाण्यावर रंग चढला.

"तांबं आहे पाण्यात," मी म्हणालो.

"टाकीत तांबं कुठून येईल?"

आणि माझ्या तोंडून तो प्रश्न आपोआप निघाला. सवयीने निघाला असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगितलं. "हात कोणी घातला?"

मी कोणाचं नाव घेतलं नाही. मी फक्त बाबांच्या मनगटाकडे बघितलं. माझ्या नजरेमागून दहा माणसांच्या नजरा तिथे गेल्या.

"बाबा!" शेठचा आवाज फुटला. "तुला कवाच बोललेलो, त्या टाकीजवल जाव नको. येवरा समुद्र मारलास! घरात बसून एवढं एक धड राहवत नाय तुला?"

बाबा आपल्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी रोज घातला हात." आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

ते रागाने बघत नव्हते. नुसते थांबले होते. हात घालायला मी सांगितलेलं, हे त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. माझी पाळी होती. मी नळी पुसत होतो. ती स्वच्छ होती, तरी पुसत होतो.

बाबांनी मगा टीपॉयवर ठेवला, हात धोतराला पुसला आणि मागच्या ओटीवर निघून गेले.

दुकानात परतल्यावर चार नंबरची उरलेली खडी ग्लासभर पाण्यात घालून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी किट त्या खडीसाठी पहिल्यांदा वापरलं. रंग शेठच्या टाकीपेक्षा गडद. किट कपाटात ठेवलं आणि दुकान उघडलं.

शेठनी टाकी पुन्हा लावून घेतली. माझ्याकडूनच, कारण तांबं मी शोधून काढलेलं, म्हणजे मी हुशार. या खेपेला प्रवाळ नकोत, नुसते मासे. नवी खडी घातली, मोहन्याला जाऊन विरजण आणलं. चहा घेतला, टाकीचं कौतुक केलं. अर्धा दिवससुद्धा लागला नाही. शेठ म्हणाले, "ते दवाखान्यात लावता ना स्टिकर, ते इकडे पण मारा." मी स्वतःच्या हाताने टाकीवर चिकटवलं: पाण्यात हात घालू नये. ते बाबांच्या खुर्चीच्या बरोबर समोर येत होतं. पण खुर्ची तिथे राहिली नव्हती, ती मागच्या ओटीवर गेलेली.

पुढच्या सोमवारी बघितलं तर बाबांच्या मनगटात कडं नव्हतं. साबण लावून काढलेलं, वहिनी म्हणाल्या, कातडी सोलवटली. मी कामाला लागलो.

पुढे दोन वर्षं मी त्या घरी जात राहिलो. बाबा ओटीवर, मी दिवाणखान्यात. "बरंय ना, बाबा?" "बरा हाय." एवढंच. एका दुपारी बादली भरायला मागे गेलो तेव्हा बाबा जेवायला बसत होते. वहिनींनी हात धुवायला तपेलीत पाणी आणून ठेवलं. बाबा त्या पाण्याकडे बघत बसले. मग वर बघून म्हणाले, "बाय, हात घालू?"

"घाला, बाबा," वहिनी म्हणाल्या, रोजचं असल्यासारखं. मला म्हणाल्या, "केव्हापासून हे असंच करतात. आंघोळीच्या बादलीत पण विचारतात. नारळी पौर्णिमेला खाडीवर नेलं, तर पाण्याच्या कडेला उभे राहिले आणि मला विचारलं, हात घालू का म्हणून. खाडीत! जन्म ज्यांचा खाडीत गेला, त्यांनी!" त्यांना यात वयाचा भ्रम दिसत होता. मला काय दिसत होतं ते मी लिहायची गरज नाही.

त्या वेळी सांगायचं होतं. बाबा समोर बसलेले, ऐकू येत होतं, कळत होतं. मी बादली भरली आणि आत गेलो. त्यानंतरचे सोमवारही होते. प्रत्येक सोमवारी मी ठरवायचो की आज, आणि प्रत्येक सोमवारी शेठ घरात असायचे, किंवा नसायचे, किंवा बाबा झोपलेले असायचे. मासे पोसणाऱ्या माणसाकडे कारणांना तोटा नसतो. गेल्या उन्हाळ्यात बाबा गेले. तेराव्याला मी जेवून आलो.

महिन्याभराने वहिनी घरात एकट्या होत्या. मी नळी खाली ठेवली आणि सांगितलं. चार नंबरची टाकी, खडी, न उघडलेलं किट, खिशातल्या गोगलगायी, "असू द्या, बाबा." त्या कणीक मळता मळता बाहेर आलेल्या, हात पिठाचे. पूर्ण ऐकून घेतलं. मला वाटलेलं रडतील, नाहीतर हाकलून देतील.

"मला का सांगताय?" त्या म्हणाल्या. "मी कधी म्हटलेलं बाबांनी मारलं म्हणून?"

"शेठना सांगतो मग."

"तुम्ही? तुम्ही नाही सांगणार." त्यांनी हे अगदी साधेपणाने म्हटलं. "दिवाळी अंकात लिहिता ना तुम्ही दरवर्षी, मासे-बिसे? ह्यांची जाहिरात असते त्याच अंकात, पानभर. ती बघायला तरी उघडतात. त्यात लिहा. नाव-गाव घालू नका आमचं, पण सगळं लिहा. त्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्ही बघितलंत कुठे, ते पण लिहा. ते पान मी स्वतः उघडून ह्यांच्या पुढ्यात ठेवीन."

तर शेठ, हे ते पान. कोणाचंच खरं नाव-गाव घातलेलं नाही. तुम्ही वडिलांना दहा माणसांत जे बोललात, ते मी तुमच्या तोंडी घातलं होतं. समुद्र मारला तो मी, आणि त्याचे पैसेही दोनदा घेतले.

"आणि ते आधी काढा," वहिनी टाकीवरच्या स्टिकरकडे बोट दाखवून म्हणाल्या. मी पात्याने ते खरवडून काढलं. अक्षरं गेली, गोंदाचा चौकोन राहिला, अजून आहे.

मग नेहमीसारखी बाही वर केली आणि टाकीवर वाकलो. हात पाण्याच्या वीतभर वर थांबला. का थांबला माहीत नाही. तोंडातून गेलं, "वहिनी, हात घालू?"

त्यांनी पिठाचे हात पदराला पुसले.

"विचारत जा," त्या म्हणाल्या. "दर वेळी विचारत जा."

तेव्हापासून दर सोमवारी विचारतो. बाबांना त्या "घाला" म्हणायच्या. मला अजून एकदाही म्हणालेल्या नाहीत. ऐकतात, स्वयंपाकघरात निघून जातात, आणि मी हात घालतो.